ओम्नीचं पोट गंजतंय? आधी पाणी कुठे थांबतं ते शोधा

आमच्या घरी 2003 ची मारुती ओम्नी व्हॅन आहे. रत्नागिरी तालुका, घरापासून खाडी हाकेच्या अंतरावर. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या, गणपतीत पाहुणे, बाकी वर्षभर सिमेंटच्या गोणीपासून आजारी माणसापर्यंत सगळं तिच्यातून जातं. गेली चौदा-पंधरा वर्षं तिच्या आणि वाडीतल्या, नात्यातल्या इतर ओम्न्यांच्या खाली उताणा पडून मी गंज घासतो आहे. मी धंद्याने मेकॅनिक नाही, मला वेल्डिंग येत नाही. पण हे एकच दुखणं इतक्या वेळा हाताखालून गेलंय की गाडीचा पत्रा कुठे मऊ लागणार याचा अंदाज आता मॅट उचलायच्या आधीच येतो.

ओम्नीचं उत्पादन 2019 मध्ये थांबलं. अरुंद पाखाडीत वळणारी, मागे मोकळी जागा असलेली, गावातल्या कोणालाही दुरुस्त करता येणारी गाडी हवी असेल तर आहे तीच टिकवावी लागते. शिवाय खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, त्यानंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि तेव्हा गाडी आरटीओत तपासणीला उभी करावी लागते. इंजिन ठणठणीत असूनही केवळ पत्रा कुजला म्हणून भंगारात गेलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत आणि दर वेळी मला त्याचं वाईट वाटतं, कारण त्यातल्या बहुतेक वाचल्या असत्या.

लक्षणं

- सरकत्या दाराच्या खालच्या कडेला रंगाचे फुगे. बोटाने दाबलं की करकरतात आणि आतून तांबूस भुगा पडतो.
- पाऊस थांबून चार दिवस झाले तरी मॅटखालून कुबट वास.
- वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर दाराखालच्या पट्ट्यातून पाणी डुचमळल्याचा आवाज.
- गाडी उभी राहते तिथे लाद्यांवर तांबडे डाग आणि पापुद्रे.
- सरकतं दार अडखळतं, खाली घासतं.
- जॅक लावला की गाडी वर येण्याऐवजी पत्राच चेपतो.
- खड्ड्यात मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या) टोकाशी कटकट.

यातलं शेवटचं किंवा जॅकचं लक्षण असेल तर घासण्याच्या तयारीला लागण्याआधी खाली 'इथे थांबा' म्हणून लिहिलंय ते वाचा. आणि ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खाली जात असेल किंवा गाडीखालून पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडी चालवूच नका. मेकॅनिकला घरी बोलवा.

गंज दरवर्षी परत का येतो

पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तेच गाडीच्या पोटाखाली होतं. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी स्वतःकडे ओढून विरघळायला लागतं. किनाऱ्यावर ही परिस्थिती पावसाळाभर असतेच, इतर महिन्यांतही रात्री-पहाटे असते. म्हणजे पत्र्यावर खारट थर बसलेला असेल तर पाऊस नसतानाही तो पत्रा ओलाच असतो. त्यावर तांबडा चिखल बसला की तो ओल धरून ठेवतो. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण पाणी पडतं म्हणून गाडी कुजत नाही. ते जिथे पडून राहतं तिथे कुजते. उघड्या, सपाट पत्र्यावरचं पाणी वाळून जातं. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून जिथे स्पॉट वेल्डिंग केलेलं असतं त्या फटीत आणि पोकळ भागांच्या तळाशी ते महिनोन्‌महिने राहतं.

म्हणून खालच्या सगळ्या तपासण्या एकाच प्रश्नाभोवती आहेत: पाणी कुठे थांबतंय?

1. मॅट उचला

खर्च शून्य, वेळ अर्धा तास. बहुतेक लोक गाडीखाली वाकून गंज शोधतात. मला मात्र निम्म्याहून जास्त वेळा तो आतून सुरू झालेला सापडला.

आमच्या गाडीत मागच्या मॅटखाली पेंढा निघाला होता. आंब्याच्या पेट्यांमधून गळलेल्या काड्या दोन-तीन हंगाम साचत गेल्या आणि त्यांची चटईसारखी काळी गादी झाली. हाताने उचलली तर खालून ओलसर, आणि तिच्याबरोबर पत्र्याचा बशीएवढा पापुद्रा सोलून हातात आला. वरून पाहताना ती गाडी अगदी स्वच्छ दिसत होती.

मासळी वाहणाऱ्या गाड्यांचं याहून वाईट असतं. मिरकरवाडा बंदरावरून माल आणणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या ओम्नीत थर्माकोलच्या पेट्यांतून वितळणाऱ्या बर्फाचं खारट पाणी रोज मागच्या फ्लोअरवर झिरपत होतं. खालून काळा कोट (अंडरकोटिंग) चकचकीत, वरून पत्र्याची चाळण. मासळी नेत असाल तर पेट्यांखाली उभ्या काठांचा प्लॅस्टिकचा ट्रे ठेवा आणि रोज एक बादली गोडं पाणी फ्लोअरवर मारून मागचं दार उघडं ठेवा. कोणत्याही कोटिंगपेक्षा याचा उपयोग जास्त आहे.

मॅट उचलल्यावर फोम किंवा जाड नमदा चिकटवलेला असेल तर तो पिळून बघा. पाणी निघालं तर तो परत घालू नका, उन्हात कडक वाळवा किंवा टाकून द्या. बॅटरी बसते तो ट्रेही याच वेळी बघा. तिथे पांढरट-हिरवट पूड दिसली तर ते आम्लाचं काम आहे. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओता, फेस यायचा थांबेपर्यंत. मग साध्या पाण्याने धुवा.

2. निचऱ्याची भोकं मोकळी करा

दारांच्या तळाशी आणि दाराखालच्या पोकळ पट्ट्याला, ज्याला गॅरेजवाले रनिंग बोर्ड म्हणतात, पाणी बाहेर जायला लहान भोकं किंवा चिरा ठेवलेल्या असतात. काचेच्या रबरामधून दारात पाणी जातंच, ते जावं अशीच रचना आहे. फक्त ते खालून बाहेर पडायला हवं. तांबडी माती, झाडाचा पाला आणि कुणीतरी घाईत मारलेला काळा कोट, या तिघांपैकी एकाने ती भोकं बुजलेली असतात.

जाड तांब्याची वायर किंवा सायकलची तार घ्या, टोक किंचित वाकवा आणि प्रत्येक भोकात फिरवा. खाली जुना डबा धरा. एकदा जुलैत एका गाडीच्या डाव्या पट्ट्यातून चहाच्या रंगाचं सव्वा डबा पाणी निघालं. मालक म्हणत होता, तो डुचमळण्याचा आवाज पेट्रोलच्या टाकीचा आहे.

सरकत्या दाराची खालची पट्टी विसरू नका. तिच्यात वाळू, माती आणि जुनं ग्रीस मिळून लापशी होते, दार अडखळतं ते तिच्यामुळे. जुन्या टूथब्रशने खरवडून काढा, पुसून कोरडी करा, मग थोडंसंच नवीन ग्रीस. हे काम वर्षातून दोनदा केलं तर पट्टीखालचा पत्रा वाचतो.

3. गोड्या पाण्याने खालून धुवा

बागेचा पाइप पुरतो. चाकाच्या कमानीच्या आत वरच्या बाजूला पत्र्याची घडी असते, तिथे बोटं घालून माती काढा. ती वरून कोरडी लागली तरी आत ओली असते. पुढची चाकं बसणाऱ्याच्या खालीच असल्याने त्यांनी उडवलेला चिखल थेट पायाखालच्या पत्र्याला लागतो, तिथे पाणी जास्त वेळ मारा.

किनाऱ्यावर वाळूत गाडी घातली असेल तर त्याच दिवशी धुवा, दुसऱ्या दिवशी नाही. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर त्याने धुण्यात अर्थ नाही, त्याने मीठच पुन्हा बसतं. प्रेशर वॉशर वापरत असाल तर नळी रबरांवर आणि पत्र्याच्या सांध्यांवर रोखू नका.

धुतल्यावर गाडी लगेच बंद शेडमध्ये लावू नका. दहा-पंधरा किलोमीटर फिरवा, मग दारं उघडी टाकून उन्हात ठेवा. पावसाळ्यात गाडीवर जमिनीपर्यंत लोंबणारी प्लॅस्टिकची ताडपत्री घालतात, तीही नको. खालची वाफ आत कोंडते. छप्पर असावं, पण बाजू मोकळ्या. आणि गवतावर गाडी लावणं टाळा.

4. ठोकून बघा

नारळ घेताना वाजवून बघतो तसंच. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने पत्रा हलकेच ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, कुजलेला भद्द वाजतो. भद्द वाजला तिथे टोकाने दाबा. टोक रुतलं तर तो पत्रा गेला. रुतलं नाही, नुसती वरची साल निघाली, तर तो वाचवता येतो. ही तपासणी महत्त्वाची, कारण पुढे घरी काम करायचं की वेल्डरकडे जायचं हे इथेच ठरतं. मालक लोक जोरात दाबायला घाबरतात. भोक पडेल म्हणतात. भोक पडतं ते कुजलेल्या पत्र्याला, आणि ते आज अंगणात कळलेलं बरं.

गाडी उचलायची असेल तर सपाट, कडक जमिनीवर, चाकांना अडण लावून, आणि जॅकच्या जोडीला लोखंडी स्टँड लावल्याशिवाय खाली जाऊ नका. आपल्याकडे जांभ्याचे चिरे हाताशी असतात म्हणून तेच खाली लावतात. कृपा करून लावू नका. चिरा आधी सूचना देऊन फुटत नाही, एकदम फुटतो, आणि वर 800 किलोंच्या आसपासची गाडी असते.

5. पाणी वरून कुठून येतं

मॅट वाळवूनही पुन्हा ओली होत असेल तर एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाणी सोडायचं. खालून वर जा: आधी दाराचं रबर, मग खिडक्या, मग पुढची काच, शेवटी छपराची पन्हळ. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडेच वाहतं आणि काहीच कळत नाही. पुढच्या काचेचं रबर ताठरलेलं असेल तर त्याच्या खालच्या दोन कोपऱ्यांतून पाणी डॅशबोर्डमागे उतरतं आणि पायाखाली येऊन बसतं. रबर बदलायला काचवाला लागतो, पण पोटाखाली काहीही करण्याआधी हे व्हायला हवं.

6. जुना काळा कोट

याविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण माझी गाडी यातच सर्वांत जास्त खराब झाली.

2011 च्या मे महिन्यात शहरातल्या एका दुकानात मी पोटाला रबरी अंडरकोटिंग मारून घेतलं. सकाळी दिली, दुपारी मिळाली. काळाभोर, जाड, एकसारखा थर. मी समाधानी होतो. दोन पावसाळ्यांनंतर मागच्या चाकाजवळ त्या कोटाला एक पोळीएवढा फुगा दिसला. नखाने कड उचलली तर तवा उलथावा तशी पूर्ण खपली निघाली. आतल्या बाजूला 2011 चा चिखल जसाच्या तसा चिकटलेला आणि त्याखाली पत्रा इतका पातळ की टॉर्च आतून लावल्यावर उजेड दिसला. गाडी धुतली होती, वाळवली नव्हती. गंज घासलाच नव्हता.

कोट हवा आणि पाणी बाहेर ठेवतो हे खरं, पण आत आधीच ओल आणि मीठ असेल तर ते बाहेर पडू देत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे तो कोट आतून उचलत जातो, नवी फट पडते, नवं पाणी आत येतं. आणि बाहेरून तुम्हाला सगळं काळं, नीटनेटकं दिसत राहतं.

म्हणून जुना कोट नखाने, पट्टीने सगळीकडे उचलून बघा. जिथे घट्ट आहे तिथे राहू द्या. जिथे उचलतो तिथे चांगला पत्रा लागेपर्यंत खरवडा.

7. घासणं, प्रायमर, कोट

हे जानेवारी-फेब्रुवारीत करा. मे महिन्यात सगळ्यांना पावसाळा आठवतो, पण तोवर आपल्याकडची हवा इतकी दमट झालेली असते की घासलेला पत्रा तासा-दोन तासांत पुन्हा तांबूस पडतो. उन्ह चांगलं चढल्यावर सुरुवात करा आणि जेवढं घासाल तेवढ्याला त्याच दिवशी प्रायमर लावा. पूर्ण पोट एकाच दिवशी करायचा हट्ट नको. मी चार रविवार घेतो.

गॉगल आणि मास्क लावूनच खाली जा. वायर ब्रशने सुटे पापुद्रे, मग जाड पॉलिश पेपर. घासून झाल्यावर कापडावर थिनर घेऊन पुसा. खड्ड्यांत रुतून बसलेला गंज निघत नाही, तिथे रस्ट कन्व्हर्टर लावा, तो गंजाशी संयोग पावून काळा, स्थिर थर करतो. चांगल्या, चकचकीत पत्र्यावर त्याचा उपयोग नाही. आणि डबा वाचा: काही कन्व्हर्टर धुवावे लागतात, आणि आम्लाचा अंश राहिला तर एपॉक्सी प्रायमर वर नीट धरत नाही.

प्रायमर शक्य असेल तर दोन घटकांचा एपॉक्सी घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा रेड ऑक्साइड स्वस्त आहे, पण तो एकटा पाणी अडवत नाही. ग्रिलवर नुसता रेड ऑक्साइड मारून ठेवला तर एका पावसात काय होतं ते सगळ्यांनी बघितलंय. तो वापरला तर वर रंगाचा पक्का थर हवाच. प्रायमरनंतर पत्र्याच्या सांध्यांत पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटची, म्हणजे फट बुजवणाऱ्या लुकणाची, बारीक रेघ ओढा, बोटाने दाबून सारखी करा. शेवटी अंडरकोटिंगचे दोन पातळ हात. एक जाड हात मारला तर वरून सुकतो, आत ओला राहतो.

कोट मारण्याआधी टेप आणि कागदाने झाकायचं ते असं: सायलेन्सर, ब्रेकच्या रबरी नळ्या, मागचे ड्रम, हँडब्रेकची केबल, आणि इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट. शाफ्टवर एका बाजूला जाड कोट बसला तर तोल जाऊन गाडी थरथरते. निचऱ्याच्या भोकांत काडेपेटीच्या काड्या खोचून ठेवा, कोट सुकला की उपटा.

पोकळ पट्ट्यांच्या आत ब्रश जात नाही. तिथे कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळ भागांत मारायचं मेण, लांब नळीच्या स्प्रेने, भोकातून थेंब बाहेर यायला लागेपर्यंत. वॅक्स थोडं मऊच राहतं, फटींत पसरत जातं, म्हणून आतल्या जागेसाठी ते योग्य.

जळक्या ऑइलचं दर वेळी कोणीतरी विचारतं. आमच्याकडचे जुने ड्रायव्हर ते डिझेलमध्ये मिसळून पोटाला मारायचे. गंज त्याने मंदावतो, हे मी नाकारत नाही. पण ब्रेकच्या रबरी नळ्या आणि बुश त्या तेलाने फुगतात, आणि पहिल्या पावसात ते अंगणातून विहिरीच्या दिशेने वाहतं. मी ते करत नाही, कोणाला करू देत नाही.

इथे थांबा

खालीलपैकी काहीही दिसलं तर घासणं बंद करा.

ब्रेकची लोखंडी पाइप. पोटाखालून मागे जाते. वरवर तांबूस असेल तर ठीक, पण खडबडीत झाली असेल, खवले धरले असतील तर तिला वायर ब्रशही लावू नका, घासताना फुटू शकते. बदलूनच घ्यायची. पेट्रोलच्या पाइपचंही तेच.

पाट्यांची हँगर आणि शॅकल (पाटे गाडीला जोडणारे तुकडे) जिथे बसतात तो भाग, रनिंग बोर्ड, जॅक लावायची जागा, सीटच्या आणि सीट बेल्टच्या बोल्टभोवतालचा पत्रा, स्टेअरिंग बॉक्सची बैठक. ओम्नीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही, पत्र्याची ही पेटीच सगळा भार घेते. इथे स्क्रू-ड्रायव्हर रुतला तर काम वेल्डरचं आहे. लांबी किंवा फायबर भरून तिथलं भोक बुजवून घेऊ नका, कोणी कितीही स्वस्तात देत असला तरी. त्याने भोक दिसेनासं होतं, भार कोणी घेत नाही.

वेल्डरला आधी सांगायच्या गोष्टी: गाडीला गॅस किट आहे का, पेट्रोलची टाकी कुठवर आहे, आत वॅक्स मारलंय का. वॅक्स पेट घेतं, म्हणून वेल्डिंग आधी आणि वॅक्स नंतर हाच क्रम. जवळ काम असेल तर टाकी उतरवायला हवी, बॅटरीच्या वायर सोडायला हव्यात, मॅट आणि फोम बाहेर काढायला हवेत. हे ऐकून जो "काही होत नाही" म्हणतो त्याच्याकडून गाडी परत आणा.

आणि नवा पत्रा जुन्या गंजावर नुसता टेकवून जोडू देऊ नका. कुजलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापायचा, मग तुकडा बसवायचा, निचऱ्याचं भोक पुन्हा पाडायचं. काळा कोट मारण्याआधी मला बोलवा, असं वेल्डरला सांगून ठेवा. मी त्या दिवशी टॉर्च आणि तार घेऊन जातो, कापलेल्या कडा बघतो, नव्या भोकातून तार आरपार फिरते का ते बघतो, आणि मगच कोट मारायला सांगतो.